पुतळाकाकूंचा रणगाडा

पुतळाकाकू मढवींचे मला पहिल्यांदा फक्त पाय दिसले. बोनकोड्यातल्या त्यांच्या तीन मजली इमारतीत आम्ही भाड्यानं जागा बघायला गेलो होतो. अंगणात शेवाळी रंगाची, कमालीची उंच, जुनी गाडी उभी होती आणि तिच्याखालून जोडवी घातलेले, तेलानं काळे झालेले दोन पाय बाहेर आले होते. माझा नवरा सुधीर घाबरून ओरडला, "अरे, कुणीतरी गाडीखाली आलंय!"

गाडीखालून आवाज आला, "आला नाय कोन. मी स्वताच गेलीय. तो सतरा नंबरचा पाना दे इकरं."

सुधीरनं पाना शोधून दिला. मग चौदा नंबरचा दिला, मग हातोडी दिली. शेवटी काकू बाहेर आल्या. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, मजबूत. अंगात फुलाफुलांचा गाऊन, त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट आणि अंबाड्यात खोचलेला टेस्टर. आम्हाला नखशिखान्त बघून म्हणाल्या, "खोली बघाची हाय? जा, वर उघरीच हाय. पानी दोन टायम येतो." एवढ्यावर आम्ही त्यांचे भाडेकरू झालो.

काकूंचे वडील भाताची गिरणी चालवत. गिरणीला डिझेल इंजिन होतं आणि ते सकाळी हँडल फिरवून सुरू करावं लागे. हे काम वडलांनी भावांना सांगून पाहिलं, पण भाऊ झोपाळू होते. त्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षी काकूंनी ते इंजिन ताब्यात घेतलं. लग्न होऊन त्या बोनकोड्याला आल्या तेव्हा इथे इंजिन नव्हतं, शेती होती. मग शेती गेली, इमारत आली. तरी इंजिन नाहीच. अशी एकोणतीस वर्षं गेली.

मग एकदा नामदेवकाकांना, म्हणजे काकूंच्या यजमानांना कळलं की पनवेलकडे कुठल्याशा सरकारी गोदामात जुन्या सामानाचा लिलाव आहे. त्यांना लोखंडी कपाट हवं होतं. दोघं गेली. कपाटाच्या शेजारी एक्क्याण्णव सालची फोर बाय फोर गाडी उभी होती. चारी चाकांना जोर जाणारी, लांब, सात-आठ माणसं बसतील अशी, पण चारही टायर बसलेले आणि बोनेटवर पिंपळाचं रोप उगवलेलं. काकूंनी बोनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. काकांनी विचारलं, "काय झाला?" काकू आतूनच म्हणाल्या, "तेच इंजिन हाय. गिरनीवाल्या कंपनीचा."

ती गाडी टेम्पोवर चढवून घरी आणली. कपाट राहिलं ते राहिलंच. काकांचे कपडे अजून दोरीवर असतात.

पुढच्या नऊ वर्षांत काकूंनी त्या गाडीचं जे केलं त्याला गाडीची हौस म्हणतात, पण गल्लीतले लोक वेगळे शब्द वापरत. कळंबोलीच्या ट्रकवाल्यांकडून स्प्रिंगचे जुने पाटे आणून त्यांनी गाडी वीतभर उचलली. मग मोठे टायर घातले, म्हणून ती अजून उचलावी लागली. शेवटी ती इतकी उंच झाली की काकूंनाच चढता येईना. मग त्यांनी दाराला दोरीनं एक लाकडी स्टूल बांधलं. स्टुलावर चढायचं, आत बसायचं आणि विहिरीतून पोहरा काढावा तसं स्टूल वर ओढून घ्यायचं. गाडीला गल्लीत सगळे 'रणगाडा' म्हणू लागले. काकूंना ते आवडलं.

हा रणगाडा नऊ वर्षांत जास्तीत जास्त कुठे गेला असेल तर वाशीच्या मार्केटात. कारण नामदेवकाका.

नामदेवकाका गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. अत्यंत गोड माणूस, पण त्यांना गाडी लागते. नुसती लागत नाही, आठवण आली तरी लागते. लग्नाच्या दिवशी नवरीला घेऊन येणाऱ्या ट्रकमध्ये त्यांना तीनदा उलटी झाली. तेव्हापासून अडतीस वर्षं दोघं एकत्र कुठल्याही वाहनात बसली नव्हती. नातेवाइकांच्या लग्नाला काकू रिक्षानं पुढे जायच्या आणि काका सायकलनं मागून. खिशात कायम निलगिरीचं तेल शिंपडलेला, उपरण्याएवढा मोठा रुमाल. बायको गाडी सुरू करताना दिसली तरी तो नाकाला लागायचा.

मी खारघरच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या मुलांना इंजिनं शिकवते. हे कळलं त्या दिवशी काकूंनी मला खाली बोलावलं. म्हणाल्या, "मास्तरीन, तू इंजिन शिकवतेस ना? मंग ही नली धर." मी नळी धरली. दुसऱ्या टोकानं डिझेल माझ्या कुर्त्यावर आलं. मी बारा वर्षं फळ्यावर इंजिनाचे आलेख काढत होते, पण बोनेट कसं उघडतात ते मला माहीत नव्हतं. काकूंना आधी हे खोटं वाटलं आणि मग त्यांना माझी इतकी दया आली की दर रविवारी त्या मला खाली बोलावू लागल्या.

त्या उन्हाळ्यात माझा जुना विद्यार्थी विश्वजित मला भेटायला आला. तो खारघरला राहतो. त्याच्यासारख्या दहाएक जणांनी मिळून डोंगरातून, ओढ्यातून गाड्या चालवायचा क्लब काढला आहे. सगळ्यांच्या गाड्या नव्या, चकचकीत, आत थंडगार. रणगाडा पाहून विश्वजित अंगणातच थांबला. गाडीखाली वाकला, शिट्टी वाजवली आणि म्हणाला, "मॅम, हे कुणी केलंय?"

"मी केलाय," काकू म्हणाल्या. "का, काय वाकरा दिसतोय?"

"काकू, तुम्ही आमच्या ड्राइव्हला याच. जुलैचा दुसरा रविवार. पनवेलच्या पुढे एकाची खासगी जागा आहे. ओढा आहे, चढ आहे, चिखल आहे."

काकूंचा चेहरा असा झाला की जणू त्यांना माहेरचं बोलावणं आलं. त्यांनी त्याच दिवशी गिअरबॉक्स उतरवून साफ करायला घेतला. तो साफ होऊन परत बसेपर्यंत जूनचे तीन आठवडे गेले. ड्राइव्हला दहा दिवस उरले. काकू चावी घेऊन खाली आल्या आणि नामदेवकाका हात आडवे करून गाडीसमोर उभे राहिले.

"गारी चालू कराची नाय," काका म्हणाले. "अंडी हायत."

ओढ्यात उतरणाऱ्या गाडीला इंजिनाचं नाक पाण्यावर ठेवावं लागतं. त्यासाठी बोनेटच्या बाजूनं टपापर्यंत एक पाइप वर नेतात आणि इंजिन त्यातून हवा घेतं. बाजारात तो तयार मिळतो. काकूंनी गच्चीवरच्या टाकीच्या कामातून उरलेला चार इंची पीव्हीसी पाइप आणि वरच्या टोकाला काटकोनात वळलेला एक कोपर लावून तो घरीच केला होता. गाडी तीन आठवडे उभी बघून त्या कोपरात साळुंक्यांनी घरटं केलं होतं. आम्ही बघत होतो तेवढ्यात एक साळुंकी चोचीत काडी घेऊन आली, आमच्याकडे रागानं पाहिलं आणि इंजिनाच्या नाकात शिरली.

"यवरी जागा परलीय बोनकोड्यात आनि यांना माझाच पाइप गावला!" काकू म्हणाल्या.

"पाखरा हायत. त्यांना काय कलते?" काका म्हणाले. "आता पिल्ला होतील, उरतील, तवा जा. भादव्यात जा."

"तुमाला पाखरांचा पुलका नाय, गारी बंद परली त्याचा आनंद हाय."

त्या संध्याकाळी काकांचा पखवाज फारच रंगला.

चार दिवसांनी अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. ती इतकी किंचाळायची की गाडी बंद असूनही इंजिनात काहीतरी बिघडलंय असं वाटे. काकू स्टुलावर बसून पाइपकडे बघत राहायच्या. मला ते बघवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना इंजिनाबद्दल सल्ला दिला.

"काकू, इंजिनाला हवाच हवी ना? ती कुठूनही घेता येईल. हा पाइप सोडवा आणि आतून घ्या. गाडीच्या आतून. ओढ्याचं पाणी आत डॅशबोर्डपर्यंत काही येणार नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या आणि माझ्या पाठीत एक धपका घातला. तो कौतुकाचा होता असं मला नंतर सांगण्यात आलं.

आता प्रश्न पाइपाचा. तो गाडीवर ठेवला तर पिल्लं डोंगरावर जाणार आणि त्यांचे आईबाप बोनकोड्यात राहणार. मग काकूंनी पाइप गाडीपासून सोडवला, एक लोखंडी खांब आणला, चाकाच्या एका जुन्या रिंगमध्ये सिमेंट भरून तो उभा केला आणि त्याला तो पाइप अगदी त्याच जागी, त्याच उंचीवर बांधला. सुधीर टेप घेऊन मोजत होता. पूर्ण काम चालू असताना साळुंक्या वायरीवर बसून आम्हाला शिव्या घालत होत्या. दुसऱ्या सकाळी काकूंनी गाडी ढकलून मागे घेतली. पाइप तिथेच राहिला. साळुंकी आली, पाइपाखालची गाडी गायब झाल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही, आणि ती आत शिरली.

इंजिनाकडून आलेली जाड रबरी नळी काकूंनी हीटरच्या भोकातून आत घेतली आणि डॅशबोर्डच्या डाव्या खणात आणून सोडली. खणाचं झाकण काढून टाकलं. गाडी सुरू केली. डावीकडच्या सीटवर बसलं की समोरच्या खणातून घुर्रर्र आवाज यायचा आणि सगळा वारा तिकडे ओढला जायचा. मी कागदावर हिशोब केला. दर दीड मिनिटाला गाडीतली सगळी हवा इंजिन पिऊन टाकत होतं. मी हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग काच उघरी ठेवू."

क्लबचा नियम होता की प्रत्येक गाडीत चालक आणि सोबत एक माणूस हवं. सोबतीला मी जाणार होते. पण आदल्या दिवशी भजनी मंडळातल्या कुणीतरी काकांना म्हटलं, "नामदेव, बायको डोंगर चरनार आनि तू इथं सालुंक्या राखनार?" काका तडक घरी आले आणि म्हणाले, "मी पन येतंय."

काकू पोळपाटावर भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "उलटी होईल."

"होऊ दे."

"गारीत करू नका."

"खिरकीतून करीन."

इतकं प्रेमळ बोलणं मी त्या घरात पूर्वी ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. काका पुढे, डावीकडे. मी मागे, मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन. काकांनी खारघरपर्यंत दोन पिशव्या वापरल्या आणि पनवेलपर्यंत आणखी तीन. मधल्या काळात ते डोळे मिटून अभंग म्हणत होते. काकू एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं त्यांची पाठ चोळत होत्या आणि गिअर बदलायचा झाला की मला ओरडत होत्या, "मास्तरीन, पाठ धर!"

जागेवर दहा चकचकीत गाड्या रांगेत उभ्या होत्या. पोरांच्या अंगावर सारखे टी-शर्ट, हातात वॉकीटॉकी. रणगाडा आला, थांबला, दार उघडलं आणि दोरीला बांधलेलं स्टूल खाली उतरलं. मग काकू उतरल्या. मग काका उतरले आणि थेट झाडामागे गेले. पोरं आदरानं बाजूला सरकली.

पहिला टप्पा ओढ्याचा. दहाही गाड्या पाणी उडवत पलीकडे गेल्या. आमचा अकरावा नंबर. काकूंनी पुढच्या दोन्ही चाकांवरच्या कड्या फिरवून ती चाकंही इंजिनाला जोडून घेतली, छोटा गिअर टाकला आणि गाडी पाण्यात घातली. पाणी दाराला लागलं. इंजिन शांतपणे गुरगुरत होतं. खिडकीतून काकांच्या तोंडावर गार वारा येऊन समोरच्या खणात जात होता. काका पहिल्यांदाच डोळे उघडून म्हणाले, "वारा मस्त लागतोय गो."

आणि बरोबर ओढ्याच्या मधोमध इंजिन गुदमरलं. मागून काळाभोर धूर निघाला, गाडी दोनदा आचके देऊन थांबली. काकूंनी पुन्हा चावी फिरवली. सुरू झालं, खोकलं, बंद.

पलीकडच्या काठावरून सल्ले येऊ लागले. कुणी म्हणालं डिझेलनं एअर घेतली. कुणी म्हणालं पाणी शिरलं. विश्वजितनं आम्हालाही दिलेल्या वॉकीटॉकीवर मला विचारलं, "मॅम, तुम्हीच शिकवलंत आम्हाला. काय झालं असेल?"

मी घसा साफ केला आणि चार कारणं सांगितली. पंप, फिल्टर, इंजेक्टर आणि डिझेल फवारायच्या वेळेचं गणित. प्रत्येकाची लक्षणंही सांगितली. पोरांनी काठावर माना डोलावल्या. एकानं लिहूनही घेतलं.

"माझा रुमाल कुठं गेला?" काका म्हणाले.

"थांबा वो," काकू म्हणाल्या. त्या खिडकीतून अर्ध्या बाहेर लोंबकळून बोनेट उघडायचा प्रयत्न करत होत्या.

"पन आता हातात होता."

"काका, एक मिनिट," मी म्हटलं. "मी इंजेक्टरबद्दल सांगतेय."

काका शोधायला लागले. सीटखाली बघितलं. पिशव्यांत बघितलं. खिसे उलटे केले. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, "नाकाला लावला होता. मंग यकदम वारा आला..."

काकू खिडकीत तशाच थांबल्या. सावकाश आत आल्या. काकांकडे बघितलं, मग खणाकडे. बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात खणात घातला. आत बराच वेळ चाचपडल्या. मग जादूगार टोपीतून काढतो तसा तो उपरण्याएवढा रुमाल बाहेर येऊ लागला. येतच राहिला. शेवटचं टोक फटकन सुटलं आणि सगळ्या गाडीत निलगिरीचा घमघमाट सुटला.

काकूंनी रुमाल झटकून काकांच्या मांडीवर ठेवला. मग आधी त्यांचे खांदे हलायला लागले, नंतर पोट, आणि मग त्या स्टिअरिंगवर डोकं ठेवून अशा हसल्या की हॉर्न वाजत राहिला. काठावरच्या पोरांना वाटलं आम्ही मदत मागतोय. तीन जण दोर घेऊन कपड्यांसकट पाण्यात उतरले. विश्वजितनं वॉकीटॉकीवर ओरडून विचारलं, "मॅम! नक्की कोणतं कारण होतं?"

"पाचवं," मी म्हटलं.

इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. रणगाडा ओढ्यातून वर आला, न थांबता चढाला लागला. दगड, चिखल, पुन्हा दगड. छोट्या गिअरमध्ये गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, डुलत डुलत चढत होती. मी मागे कडीला लटकून जीव मुठीत धरला होता आणि गठ्ठ्यातली नवी पिशवी काढून काकांसाठी तयार ठेवली होती. अर्धा चढ झाला. काका खिडकीबाहेर बघत होते.

"पुतला," ते म्हणाले.

"आली का? थांबवू?"

"नाय. मना काय होतच नाय."

काकूंनी ब्रेक न लावता त्यांच्याकडे बघितलं. "काय म्हनजे?"

"पोटात काय नाय, डोक्यात काय नाय. भूक लागलीय."

वर पोचल्यावर काकांनी खरंच चार भाकऱ्या खाल्ल्या. पोरांनी आणलेले सँडविचही खाल्ले. अकरा गाड्यांत आम्ही अकरावे आलो. वेळ सगळ्यांत जास्त लागला होता, त्यातली अठरा मिनिटं ओढ्यात. पण परत निघायच्या वेळेला पोरांच्या नव्या गाड्यांभोवती कुणीच नव्हतं. सगळे रणगाड्याखाली आडवे झाले होते आणि काकू वरून एकेका पाट्याचा इतिहास सांगत होत्या.

घरी येताना काकूंनी शास्त्रशुद्ध प्रयोग केला. मोठ्या गिअरमध्ये वेग घेतला की काका हिरवे पडायचे. छोट्या गिअरमध्ये टाकलं की पुन्हा माणसात यायचे. तीनदा करून बघितलं. चौथ्यांदा करायला काकांनी नकार दिला. त्यांचा रोग गाडीचा नव्हताच, वेगाचा होता. ताशी पंधराच्या खाली ते ठणठणीत होते. अडतीस वर्षांत त्यांना इतक्या हळू कुणी नेलंच नव्हतं, कारण इतक्या हळू जायला खास गाडी लागते.

पिल्लं पंधरवड्यानं उडाली. पाइप गाडीवर परत गेला. क्लबातल्या चार जणांच्या गाड्या आता काकूंच्या अंगणात येतात. काकू त्यांना आधी पाने ओळखायला लावतात आणि मग गाडीला हात लावू देतात. मला चौदा आणि सतरा न बघता ओळखता येतात. कॉलेजात मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

गणपतीच्या आधी त्यांची मुलगी निशिगंधा हिनं कामोठ्याला नव्या घराची वास्तुशांत घातली. काका सायकल पुसायला लागले तर काकूंनी ती उचलून आत ठेवली. पुढच्या चाकांच्या कड्या सोडवल्या, म्हणजे डांबरी रस्त्यावर मशीनला त्रास नको, आणि छोटा गिअर टाकला. पूजा अकराला होती. आम्ही सव्वासातला निघालो.

हमरस्ता टाळून आतल्या आतून जात होतो. मागे रिक्षांची रांग लागली होती. हॉर्न, शिव्या, पुन्हा हॉर्न. काका पांढरा सदरा घालून पुढे बसले होते आणि खिडकीतून हात बाहेर काढून एकेकाला शांतपणे पुढे जायला सांगत होते. आठ वर्षांची एक मुलगी सायकलवरून आम्हाला ओलांडून गेली. मग बाजूच्या गल्लीतून एक भाजीवाली भाजीचा हारा डोक्यावर घेऊन त्याच दिशेनं निघाली. ती आमच्या बरोबरीला आली आणि तशीच राहिली, कारण तिचा आणि आमचा वेग एकच होता.

"शेंगा काय भाव?" काकांनी विचारलं.

तिनं सांगितला. काकांनी घासाघीस केली. ती हसली, पण कमी करेना. एक चौक गेला, दुसरा गेला, भाव चालूच. शेवटी तिनं चालता चालता दोन जुड्या काढून वर केल्या, काकांनी वाकून घेतल्या आणि नोट तिच्या हातात दिली.

"ताज्या हायत," काका शेंग मोडून बघत काकूंना म्हणाले. "पन पुतला, थोरी हलू घे ना. तिच्याकरं अलूची पाना पन हायत."